जरा टोक धरा

तुमच्या सोसायटीतले टेपकाका कितव्या मजल्यावर राहतात? आमचे दुसऱ्या. म्हणजे बरोबर आमच्या डोक्यावर. घरात काही काम काढायचंय, हे आपण बायकोशी ओट्यापाशी हळू आवाजात बोलावं आणि संध्याकाळी यांनी बेल वाजवावी. शर्टाच्या खिशात स्टीलचा मेजरिंग टेप. त्याच्या वजनाने खिसा कायमचा ओघळलेला. निवृत्त कुठून झाले ते विचारू नका, बांधकाम खात्याशी त्या नोकरीचा काडीचा संबंध नव्हता.

“ऐकलं ते खरं का? आर्किटेक्ट नेमताय?”

आपण हो म्हणेपर्यंत टेप बाहेर आलेला असतो. त्याची पिवळी पट्टी सर्रकन सुटते आणि पुढचं वाक्य येतं, “जरा टोक धरा.”

या माणसाने टोक धरायला लावलं नाही असा इसम आमच्या बिल्डिंगीत उरलेला नाही. बाहेरही फारसे नसावेत. एका लग्नात अक्षता पडून जेमतेम पंगत बसली होती, तर हे मुलीच्या मामांना टोक धरायला लावून दोन टेबलांमधलं अंतर मोजत होते. “सोळा इंच! वाढपी जाणार कुठून?” मामा सोवळं नेसलेले, घामाघूम, टोक धरून उभे. पुढच्या पाच मिनिटांत आमटीचं भांडं एका विहीणबाईंच्या पैठणीवर कलंडलं, हा भाग वेगळा. हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या शेजाऱ्याला भेटायला गेले तेव्हा खोलीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणून एका हाताला सलाईन लावलेल्या पेशंटच्याच दुसऱ्या हातात टोक दिलं. मोजायचं होतं खोलीचं दार.

तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले त्या सकाळी तर कहर झाला. माणसं जमलेली, भटजींची वाट बघणं चाललेलं, आणि हे जिन्याच्या वळणावर आजोबांच्या जावयाला सांगताहेत, “जरा टोक धरा.” जावयाने धरलं. माणूस दुःखात काय वाटेल ते धरतो. “तीन फूट दोन. तिरडी आडवी वळायची नाही, उभी करावी लागेल.” सगळे भयंकर चिडले. मग तिरडी वळणावर उभी करावी लागली.

वैताग नेमका हाच आहे की काकांचं माप चुकत नाही. चुकतं ते मापावरून काढलेलं तात्पर्य.

आर्किटेक्ट कशाला नको, याची त्यांची कारणं पाठ आहेत. हिरोजी इंदुलकराने रायगड बांधला, तो कुठल्या कॉलेजात गेला होता? हेमाडपंताकडे कसली डिग्री होती? चंदीगडचा आराखडा करणाऱ्या कॉर्बुझिएनेही आर्किटेक्चरचं रीतसर कॉलेज केलेलं नव्हतं, हे त्यांना कुणीतरी सांगितल्यापासून तर त्यांना आवरणं कठीण झालंय. शेवटचा पत्ता सुप्रीम कोर्टाचा. “कोर्टाने सांगितलंय, प्लॅन कोणीही काढावा!” मला वाटलं ही थाप असणार. म्हणून शोधलं, तर निकाल खरंच निघाला. १९७२चा आर्किटेक्ट्स अॅक्ट ‘आर्किटेक्ट’ ही पदवी नावापुढे लावण्यावर बंधन घालतो, ते काम करण्यावर घालत नाही, असं २०२० साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय. म्हणजे काकांनी फक्त दारावर पाटी लावायची नाही. त्यांना पाटी नकोच आहे. त्यांना टोक धरायला माणूस हवा.

खरं सांगायचं तर काकांना एकट्याला हसण्यात अर्थ नाही. ते जे मोठ्याने बोलतात ते आपण सगळेच मनात बोलतो. आपला मध्यमवर्ग इटालियन मार्बलला पैसे देईल, फॉल्स सीलिंगमध्ये दिवे लपवायला देईल, बंद होताना आवाज न करणाऱ्या ड्रॉवरला देईल. पण कोणी चार रात्री बसून ड्रॉइंग काढलं की म्हणणार, कागदाचे पैसे कसले? मग ती नेहमीची युक्ती. “एक रफ स्केच द्या ना, मग फीचं बोलू.” स्केच हातात पडलं की ते थेट कॉन्ट्रॅक्टरकडे, आणि आर्किटेक्टचा फोन आला की आपण नेमके ड्रायव्हिंग करत असतो. माझ्या ओळखीतल्या एका डॉक्टरने हे केलंय. त्याच्याकडे फुकट प्रिस्क्रिप्शन मागून बघा.

तर, काकांना न जुमानता आम्ही आर्किटेक्ट नेमली. जे. जे.मधून पाच वर्षं शिकून आलेली, तिशीतली मुलगी. पहिल्या भेटीत तिने काही मोजलंच नाही. सकाळी पहिलं कोण उठतं, आंघोळीला नंबर कोणाचा, चपला कुठे काढता, रद्दी कुठे साठते, सासूबाई टीव्ही कुठल्या खुर्चीतून बघतात, असले प्रश्न विचारत बसली. काका अर्थातच हजर होते. “बाई स्थळ बघायला आल्यात का?” असं मला ऐकू जाईल इतक्या हळू आणि तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.

दुसऱ्या भेटीत तिने पर्समधून लेझर काढला. बटण दाबलं, भिंतीवर लाल ठिपका, आकडा तयार. टोक धरायला कोणी लागत नाही. काकांचा चेहरा मी पाहिला. ती पुढे जाईल तसे हे मागून टेपने तेच माप घेत होते. टोक धरून मी. फरक कुठे पाव इंचाच्या वर निघाला नाही आणि दोघांनाही ते आवडलं नाही.

मग भिंत आली. हॉल आणि आतली खोली यांच्यामधली भिंत पाडून मोठा हॉल करा, हा काकांचा जुना सल्ला. “नऊ इंची भिंत! उगाच जागा खाल्लीय. हल्ली चार इंचात काम होतं.” माप पुन्हा अचूक. मुलीने भिंतीवर हात ठेवला, वर छताकडे पाहिलं, म्हणाली, “काका, ही बिल्डिंग सत्तरच्या दशकातली, लोड-बेअरिंग आहे. हिला कॉलम नाहीत, भिंतीच भार घेतात. वर कोण राहतं?”

“आम्ही,” काका म्हणाले.

“मग तुमचा हॉल या भिंतीवर उभा आहे.”

काका बराच वेळ छताकडे बघत राहिले. स्वतःचं घर खालून पाडण्याचा सल्ला गेली काही वर्षं आपण फुकट देतोय, हे पचायला वेळ लागणारच. त्या दिवशी चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी परत आले. टेपकाका परत येतातच. त्या दुपारी बाल्कनीत काम चाललं होतं, कडक ऊन, आणि लेझरचा ठिपका काही केल्या दिसेना. मुलीने इकडेतिकडे पाहिलं, काकांच्या खिशात हात घालावा तसा सहज टेप मागून घेतला आणि म्हणाली, “काका, जरा टोक धरा.”

काकांना ते धरता येईना. आकडी कठड्याला कशी अडकवायची, अंगठा कुठे ठेवायचा, काही कळेना. इतकी वर्षं त्यांच्या हातात टेपची डबी असायची. टोक दुसऱ्याकडे. आणि तो दुसरा म्हणजे बहुतेक वेळा काकू. हातातलं पीठ झटकून, “आता काय मोजताय?” असं म्हणत त्या यायच्या. बिल्डिंगीतल्या इतरांवर ही पाळी आली ती काकू खुर्चीला खिळल्यानंतर, आणि आम्ही सगळे ती चुकवायला जिन्यात पावलं न वाजवता चढायला लागलो.

फायनल ड्रॉइंग आलं तेव्हा काकांनी बाथरूमच्या दारावर बोट ठेवलं. “हे अडीच फूट. तीन फूट मोकळं मिळेल असं करा.”

मुलगी म्हणाली, बेसिन हलवावं लागेल, पाइप फिरवावा लागेल, खर्च वाढेल.

“अडीचच्या चौकटीत पल्ला धरला की जेमतेम पंचवीस इंच राहतात. चाकाची खुर्ची सव्वीस.”

मी म्हणालो, आमच्याकडे खुर्चीवर कोणी नाही.

“तुमचं वय काय?”

मग ड्रॉइंगवरचं बोट न उचलता म्हणाले, “आमचं दार मीच बारीक केलं होतं. वॉशिंग मशीनला जागा हवी म्हणून. आर्किटेक्ट नव्हता.” काकूंना रोज दारापासून आत उचलून न्यावं लागायचं, हे आम्हाला माहीत होतं. दाराचं माहीत नव्हतं. दिसेल त्या दाराला टेप का लागतो, तेही.

मुलीने काही समजूत घातली नाही, हे मला तिचं फार आवडलं. पेन्सिल काढून बेसिन दुसऱ्या भिंतीला नेलं आणि म्हणाली, “बरोबर आहे काका. अपंगांसाठीच्या सरकारी निकषांतही नऊशे मिलिमीटर मोकळं दार सांगितलंय. मीच आधी धरायला हवं होतं.” काकांनी नऊशे मिलिमीटर म्हणजे किती ते टेपवर तपासलं. पस्तीस इंच आणि वर थोडं. मान डोलावली.

काम पूर्ण झालं. बाथरूमचं दार मोकळे तीन फूट आहे, सासूबाईंना त्यातून ऐसपैस जाता येतं. नऊ इंची भिंत जागेवर आहे आणि काकांचा हॉल वर आहे. बेसिनमुळे खर्च वाढला तो वाढलाच. फी मी ठरल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने दिली, घासाघीस न करता. काकांनी एकदा जिन्यात आकडा विचारला, मी खरा सांगितला. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. तिच्याशी बोलतात. हल्ली तिच्या दुसऱ्या साइटवरही जातात, असं कळलं.