साहेब, साठ सेकंद थांबा!

वीस वर्षांपूर्वीची ऑक्टाव्हिया आरएस हौसेनं घेणाऱ्याला तिची कुंडली तोंडपाठ असते: 1.8 लिटर, 20 व्हॉल्व्ह, 150 अश्वशक्ती. फक्त एवढंच विचारा, की टायमिंग बेल्ट कधी बदलला? मग साहेब आभाळाकडे बघतात. ‘आधीच्या मालकानं बदलला असेल की!’ या भाबड्या श्रद्धेवर पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा संसार टिकून असतो. बेल्ट तुटला, की दोघं एकमेकांवर आदळतात आणि इंजिन भंगारात.

टर्बोची तर कथाच निराळी. मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणारा तो दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ‘गाडी पिटाळून आणलीत तर मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवा, नाहीतर आतलं ऑइल करपून काजळी साचते,’ असं मेकॅनिक कानीकपाळी ओरडतो. पण घाटात दोन सेकंद वाचवणाऱ्याला पार्किंगमध्ये साठ सेकंद कुठून मिळणार? किल्ली फिरवली, झाला मोकळा! ऑइल बदलणंही ‘चालतंय की’ म्हणत लांबणीवर. पैसे मात्र रिमॅपला आणि ‘फुस्स’ करून सुस्कारा टाकणाऱ्या व्हॉल्व्हला हजर.

शेवटी निळा धूर निघतो. तेव्हा साहेब ठणकावून सांगतात, ‘जुन्या टर्बो गाड्या भरवशाच्या नसतातच!’ गाडीला तोंड असतं, तर मालकाबद्दल तिनंही हेच सांगितलं असतं.