भुंगेऱ्याच्या पंगतीत

भाचीला तिच्या पीएचडीच्या प्रयोगासाठी डोकी हवी होती. तरुण डोकी मिळाली होती, पन्नाशीपुढची मिळेनात. "मामा, तुला नुसतं बसायचंय," ती म्हणाली. नुसतं बसणं हा तर माझा प्रांत. मी लगेच होकार दिला.

प्रयोगशाळेत डोक्यावर भोकाभोकांची टोपी चढवून प्रत्येक भोकात सिरिंजनं गार जेल भरलं गेलं. मेंदूची जी वीज टाळूवर मोजायची, ती व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतकीच असते. मध्ये केस आले तरी कटकट. "सरांचं काम पटकन झालं," असं तिथला एक मुलगा माझ्या टाळूकडे पाहत कौतुकानं म्हणाला.

पडद्यावर रेघा धावू लागल्या. एकदम एक उंच लाट उठली. मी सुखावलो, काहीतरी थोर सुचलं असणार.

"मामा, पापणी लवली तुझी."

मग सगळ्याच रेघा पिसाळल्या. "तोंडात काय आहे?" सुपारी. जबड्याच्या स्नायूंच्या विजेपुढे मेंदूच्या विजेचं काही चालत नाही म्हणे. सुपारी कागदात गुंडाळून खिशात गेली.

"आता डोळे मीट." मिटले. "अरे वा, अल्फा बघ कसला सुरेख आलाय!" सेकंदाला दहाएक आंदोलनं, अगदी लयीत. मी मनातल्या मनात पद्मासन घातलं. साधना न करता सिद्धी!

भाचीनं हवा काढली. हा ताल बहुतेकांच्या डोक्यात डोळे मिटले की उमटतो आणि उघडले की विरतो. तो शोधला जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गरनं. तरुणपणी लष्करात असताना हा घोड्यावरून पडून थोडक्यात वाचला, आणि त्याच दिवशी दूर घरी बहिणीच्या मनात पाल चुकचुकली, म्हणून वडिलांची तार आली. एका डोक्यातलं दुसऱ्या डोक्यात जातं कसं, या ध्यासापायी त्यानं १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतली वीज टिपली. छापली मात्र १९२९ मध्ये. माझा अल्फा येऊन पाच मिनिटंही झाली नव्हती आणि फॅमिली ग्रुपवरचा मजकूर मनात तयार होता.

बर्गरकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एडगर एड्रियननं, म्हणजे नोबेल मिळवून बसलेल्या माणसानं, मॅथ्यूज या सहकाऱ्याबरोबर हा ताल स्वतःच्याच डोक्यावर पडताळला. तुलनेला घेतला पाण्यातला भुंगेरा. दोघांच्या आलेखांत चांगलंच साम्य निघालं! ग्रुपवरचा मजकूर मी मनातच पुसला.

खरी शोभा पुढेच झाली. पडद्यावर सेकंदाला दहाएक अक्षरं झरझर सरकतात, त्यांत दोन आकडे दडलेले असतात, ते ओळखायचे. पहिला मी छातीठोकपणे सांगायचो. दुसरा? "दुसरा नव्हताच." होता. यंत्रात घोळ असल्याचा मी आरोप केला. भाचीनं तीच अक्षरं सावकाश फिरवून दाखवली. सात, चांगला ठळक.

पहिला आकडा हाती लागला की तो पचवण्यात मेंदू गुंततो, आणि त्यानंतरच्या साधारण अर्ध्या सेकंदात आलेला दुसरा पुष्कळदा निसटतो. डोळे उघडे, दृश्य समोर, नोंद शून्य. हे शास्त्रज्ञांना केव्हाचंच माहीत आहे; मला त्या दुपारी कळलं. शिवाय लक्ष एका जागी खिळवलं तरी ते एकसारखं राहत नाही, सेकंदाला चार ते आठ वेळा कमी-जास्त होतं, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. त्यावर अजून वाद आहेत, असं भाची म्हणाली, पण ते मी सोयीस्करपणे ऐकलं नाही. संसारात आयुष्यभर पुरेल अशी सबब फुकटात मिळाली होती.

घरी पोचताच ती वापरली. "अगं, लक्ष नसतं असं नाही, मेंदूच मधूनमधून मिटतो."

"अर्धा सेकंद मान्य," ही म्हणाली. "सिलिंडर लावायला मी सोमवारपासून सांगतेय."

भाचीला अजून पन्नाशीपुढची डोकी हवीच आहेत. असं बोलावणं आलं तर जरूर जा. तोंड रिकामं ठेवा, आणि निष्कर्ष घरी सांगू नका.