साडेनऊला लाइट कापणार

फोनवरच्या भामट्याचं सगळं भांडवल म्हणजे घाई. 'आज रात्री साडेनऊला लाइट कापणार', 'दोन तासांत सिम बंद', 'आत्ताच्या आत्ता केवायसी करा'. समोरच्याला विचार करायला सवड मिळाली की धंदा बसला. या पोरांना कुणीतरी सांगायला हवं होतं, की बाबांनो, महाड-पोलादपूरला फोन लावू नका. घाई नावाची वस्तू इथे मुंबई-गोवा महामार्गाच्या कामातसुद्धा कुणी पाहिलेली नाही.

लाइटचंच घ्या. माझी आत्या पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत राहते. भर पावसाळ्यात तिला फोन आला, "आज रात साढ़े नौ बजे आपकी बिजली कट जाएगी."

आत्या म्हणाली, "अरे बाबा, वो तो दुपारकोच गयी. आयेगी कब, वो बोल!"

भामटा गडबडला. आत्याला मात्र लाइटवाला आयता सापडला होता. पडलेला खांब, लोंबणारी तार, फोन न उचलणारा वायरमन, सगळं तिने त्याला अस्सल पोलादपुरी हिंदीत ऐकवलं. शेवटी फोन त्यानेच ठेवला.

'डिजिटल अरेस्ट'चा प्रकार तर आणखी बिकट. असली अटक कायद्यात कुठेच नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 मध्ये 'मन की बात'मध्ये सांगितलं. तरी शहरांत शिकलेसवरलेले निवृत्त साहेबलोक व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या पोलिसासमोर तासन्‌तास बसले आणि आयुष्यभराची पुंजी घालवून बसले. आमच्या काकांनाही हुकूम आला होता : घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. आता वाडीत रेंज येते ती देवळामागच्या कातळावर. काका म्हणाले, "साहेब, घरात अटक करायची तर आधी टॉवर आणा."

महाडात रेंज बरी, म्हणून धोकाही जास्त. एमआयडीसीचे पगार खात्यावर, मुंबईच्या पोराचे पैसे खात्यावर. लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका येते आणि फाइलच्या नावाला 'एपीके'चं शेपूट असतं. ती उघडून बसवली की आपले मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, तिकडे कुणीतरी वाचतो. इथे आमचा मानापमान कामी येतो. फोनवर पत्रिका आली की पहिला प्रश्न, "घरी यायला पाय मोडले काय?" फाइल उघडायची राहूनच जाते.

कधी भामटा उदार होतो : तुमच्या खात्यात पैसे टाकतो, फक्त पिन दाबा. यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, येताना नाही. आत्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. पण आहेर घेताना आपल्या कपाटाची किल्ली द्यायची नसते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

घाई करायची ती फसल्यावर. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार ओटीपी आपणच सांगून बसलो, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून ताबडतोब बँक आणि 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. आमच्याकडे मात्र तेवढ्या वेळात आधी भावकीत चर्चा होते.

मध्यंतरी आत्याला खऱ्याच बँकेतून फोन आला. केवायसीची मुदत संपली होती; शाखेत येऊन जा, एवढंच त्या पोराला सांगायचं होतं. आत्याने त्याची उलटतपासणी घेतली : नाव काय, गाव कुठलं, कुणाचा तू, आई कुठली. पोरगा बिरवाडीचा निघाला. मामाकडून नातंही लागलं. एवढं जुळतंय म्हटल्यावर तर तिचा संशय पक्काच झाला. तिने त्याला भाचा म्हणूनच शिव्या घातल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती पोलादपूरला उतरली, शाखेत गेली, त्याच पोराच्या टेबलासमोर बसली आणि हळूच म्हणाली, "बाळा, सांभाळून रहा. काल तुझ्या नावाने कुणीतरी फोन करत होता."