जावईबापूंचं कर्जप्रकरण

म्युनिक

ति. बाबा आणि आई यांस,


इकडे सगळे खुशाल. तुमच्या जावयांच्या अंगात मात्र गाडी आली आहे. शाळेला आणि किराण्याला लागते ती आमच्याकडे आहेच. ही दुसरी, 2003 सालची बीएमडब्ल्यू एम 3. दारं दोन, इंजिन 3.2 लिटरचं, 343 अश्वशक्ती, आणि मागच्या सीटवर बसायचं तर पाय काढून डिकीत ठेवावे लागतील. किंमत 32,000 युरो. आमच्याजवळ शिलकीत 12,000 आहेत, बाकीच्या 20,000चं कर्ज काढू म्हणतात.

सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "काहून वं, तिकडच्या नव्या गाड्या सरल्या काय?" सासऱ्यांनी साल ऐकून फक्त एवढंच विचारलं, की ही भंगारात घालायला घेऊन राहिले का. अमरावतीकरांचं चुकत नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढवून घ्यायची. एवढ्या वयाच्या गाडीवर कर्ज मागायला गेलं तर एमएच 27 असो की एमएच 30, कोणी खुर्चीसुद्धा देणार नाही. इथे सरकारला गाडीच्या वयाचं काही वाटत नाही. दर दोन वर्षांनी ट्युफची तपासणी पास झाली, की चालवा. शिवाय या जातीच्या गाडीची किंमत एका वयानंतर उतरायची थांबते आणि चढू लागते, असं प्रवचन आमच्याकडे रोज रात्री जेवणानंतर असतं. "ही गुंतवणूक आहे," म्हणतात. बाबा, तुमची सारी नोकरी पीककर्जाच्या फायलींत गेली. गुंतवणुकीच्या नावावर लोक काय काय घरी आणतात, हे मी तुम्हाला काय सांगू!

ऑटोबानवर बऱ्याच ठिकाणी वेगाची मर्यादा नाही, ताशी 130 ही नुसती शिफारस. त्यामुळे हिशेब असा मांडला जातो, की "ही गाडी असती तर अमरावतीहून अकोला पंचवीस मिनिटांत." मी विचारलं, मुर्तिजापूरला चहा कधी प्यायचा? आणि बोरगाव मंजूच्या म्हशींना आधी फोन करून ठेवायचा का?

त्या रस्त्यावरून आठवलं. जून 2022 मध्ये त्याच हायवेवर लोणी ते माना 75 किलोमीटरची एक पट्टी 105 तास 33 मिनिटांत डांबरून झाली, कतारचा विक्रम मोडला आणि गिनेस बुकात नाव गेलं. इथल्या बँकेला आमच्या अर्जावर "नाही" म्हणायला त्याहून जास्त वेळ लागला.

नकार आम्हाला नव्हता, गाडीला होता. आपल्याकडे आरसीवर बँकेचं नाव चढतं, सातबाऱ्यावर बोजा चढतो तसं. इथे गाडीच्या नोंदणीचा दुसरा भाग बँक आपल्याजवळ ठेवून घेते आणि कर्ज फिटलं की परत देते. पण वीस वर्षं उलटलेल्या गाडीचा कागद त्यांना तिजोरीत नको. उद्या हप्ते थकले तर ही विकायची कोणाला आणि कितीला, हे त्यांच्या तक्त्यात नाही म्हणे. मग उरलं वैयक्तिक कर्ज, विनातारण, म्हणून महाग: 8 टक्के. तेसुद्धा शुफाचा दाखला पाहून. शुफा म्हणजे इथलं सिबिल, फक्त ते 1927 पासून लोकांची उधारी मोजत आलं आहे.

आता पेन्सिल घ्या. 20,000 पाच वर्षांत फेडले तर हप्ता 406 आणि एकूण व्याज 4,332. तीन वर्षांत फेडले तर हप्ता 627, व्याज 2,562. इथवर ठीक. पण जावयांचा जीव तिसऱ्या कागदावर जडला आहे. हप्ता फक्त 297! पाच वर्षं 297 भरायचे आणि शेवटी एकदम 8,000. व्याज किती? 5,799. ते खाली बारीक अक्षरांत होतं. शेवटचे 8,000 आणायचे कुठून, असं मी विचारलं, तर बँकेतला माणूस गोड हसून म्हणाला, तेव्हा त्याचं नवीन कर्ज करून देऊ. बाबा, हे आपलं नवं-जुनंच की! मार्चअखेरीला सोसायटीची मंडळी जे करायची, ते हा टाय बांधून करतो.

आणि व्याज हा यातला लहान खर्च. हे इंजिन मिनिटाला 8,000 फेऱ्यांपर्यंत फिरतं. त्याच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं आणि मागचा अ‍ॅक्सल धरणारा तळाचा पत्रा, या दोन जागा जाणकार आधी बघतात. आम्ही आमच्या मेकॅनिककडे गाडी रॅम्पवर चढवून पाहिली. पत्र्याला तडे नाहीत. बेअरिंगं बदलल्याची पावती मात्र नाही. बदलायची तर दोन-अडीच हजार युरो, म्हणजे तीन वर्षांचं सगळं व्याज एका दुपारी. रोड टॅक्स वर्षाला 222. विमा वेगळा. तेलही साधं चालत नाही, 10 डब्ल्यू 60च लागतं. घरात शेंगदाणा तेल महाग झालं म्हणून भजी बंद केलेला हाच माणूस!

यावर त्यांनी आपली शकुंतला रेल्वे काढली. तिचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलं आणि 1994 पर्यंत आपल्याकडे धावलं, तेव्हा जुनं म्हणून नाक काय मुरडता? मी म्हटलं, ते इंजिन आपल्या हप्त्यावर नव्हतं. आणि मुर्तिजापूरहून यवतमाळला जाताना त्याला कोणाच्या पुढेही निघायचं नव्हतं.

गाडी घेऊच नये, असं माझं म्हणणं नाही. माणूस पत्ते खेळत नाही, दारू पीत नाही, कॉलेजात असल्यापासून या गाडीचं चित्र पाकिटात ठेवून आहे. पण शिलकीतले 5,000 दुरुस्तीसाठी बाजूला राहतील आणि त्यांना कोणी हात लावणार नाही. म्हणजे कर्ज 25,000चं. मुदत तीन वर्षं. हप्ता 783. हा झेपत असेल तर गाडी झेपते, नसेल तर नाही. 297 मध्ये झेपते ती गाडी नव्हे, नुसतं तिचं चित्र.

रविवारी ते तुम्हाला फोन करतील. आधी पावसापाण्याचं, मग तुमच्या गुडघ्याचं विचारतील आणि मग हळूच, "बाबा, कर्ज म्हणून तुम्हाला कसं वाटते?" माझं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. तेव्हा जावई आहे म्हणून नरम पडू नका, समोर कर्जदार बसला आहे असं समजून बोला. 783 म्हणा आणि गप्प बसा. आईला फोनजवळ येऊ देऊ नका, ती "घेऊ दे बापा, हौस आहे" म्हणेल.

आणि अमरावतीला यातला एक आकडाही कळवू नका. सासऱ्यांना समजलं तर ते तूर विकून पैसे पाठवतील, गाडी दारात येईल, आणि "आमच्या तुरीवर गाडी उडवून राहिले" हे जन्मभर मला ऐकावं लागेल.

तुमची लेक