काजव्यांचं वीजमंडळ

ठाण्याहून भंडारदऱ्याला निघालेल्या मामांच्या पिशवीत कपडे कमी आणि किड्यांचा बंदोबस्त जास्त होता. ओडोमॉस, कछुआ छाप अगरबत्ती, डास मारायची रॅकेट, झुरळांचा खडू, शिवाय निलगिरीचं तेल. निघाले होते काजवे बघायला. किडे बघायला किडेमार औषधं कशाला, असं भाचीने विचारलं तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "वाघ बघताना मध्ये पिंजरा असतो ना? हा माझा पिंजरा."

मामा वीजमंडळातून निवृत्त झालेले. अकरा हजार व्होल्टच्या तारांखाली उभं राहून त्यांनी लाइनमनना फर्मानं सोडली होती. घरात झुरळ उडालं की मात्र ते सोफ्यावर आणि मामी चप्पल घेऊन मैदानात. भाची प्राणिशास्त्र शिकते. कसारा घाटात तिने समजूत घालायला सुरुवात केली. झुरळांच्या साडेचार हजारांवर जाती आहेत, त्यातल्या जेमतेम तीसेक माणसाच्या वळचणीला राहतात, बाकीच्या रानात पालापाचोळा खाऊन जमिनीचं भलं करतात. मामांनी एवढंच विचारलं, "त्या तीसेक जातींचं आमच्याच घरी काय काम असतं?"

घोटीहून गाडी वळली, बारी गेलं. 1646 मीटर उंचीचं कळसूबाई ढगात बुडालं होतं. शेंडीच्या अलीकडे चहाला उतरले, तर पावसाने भिजलेल्या मातीवर लाल मखमलीचा एक ठिपका चालत होता. मामांनी पाय वर घेतला. मामींनी तो ठिपका सरळ तळहातावर घेतला. "अहो, मृगाचा किडा! लहानपणी हा दिसला की आमच्याकडे पेरणीची घाई उडायची." त्या मऊ लाल अंगाला बोट लावावं असं मामांनाही वाटलं आणि त्यांनी हात पुढे केलाही. तेवढ्यात भाचीने माहिती पुरवली, की याला आठ पाय असतात, म्हणजे हा कीटकच नव्हे, कोळी-गोचिडांच्या कुळातला. आणि याची पिल्लं नाकतोड्यासारख्या किड्यांच्या अंगाला चिकटून त्यांचा जीवनरस शोषतात. हात मागे गेला. विज्ञानाने भीती जाते म्हणतात. मामांच्या बाबतीत ती येताना आणि जाताना दोन्ही वेळा विज्ञानाचंच तिकीट काढत होती.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी रातकिड्यांनी कान किटवले. ओरडतो तो नर, पुढचे पंख एकमेकांवर घासून. आणि त्याचे कान असतात पुढच्या पायांवर, गुडघ्यांच्या खाली. डॉलबेअर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1897 मध्ये रातकिड्यांच्या किरकिरीवरून हवेचं तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं. मीटर वाचायची सवय असलेले मामा घड्याळ काढून मोजायला बसले. एकाची मोजावी तर दहा ओरडत होते. शेवटी "रीडिंग सदोष" असा शेरा मारून ते जेवायला उठले.

जेवणानंतर वाटाड्या आला, गावातलाच तरुण. वाटेत भाचीने दगडी बांधावर अतिनील बॅटरी मारली आणि फटीतला एक विंचू हिरवट-निळा उजळून निघाला. विंचू या प्रकाशात असेच चमकतात. मामा मामींच्या मागे. त्यांना महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवले. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसं दगावत, तेव्हा रक्तदाबाच्या प्राझोसिन या औषधाने ती वाचवता येतात हे बावस्करांनी दाखवून दिलं. "ते औषध घ्यायचं राहिलं," मामा पुटपुटले. वाटाड्या म्हणाला, "काका, त्याला तुमच्याशी काय देणंघेणं न्हाई. दगडात हात घालू नका म्हंजे झालं." विंचू तोवर फटीत शिरलाही होता.

मग झाडं आली. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ. आणि एका सादड्यावर शेंड्यापासून बुंध्यापर्यंत हजारो ठिणग्या एकदम पेटत, एकदम विझत होत्या.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग अधिकारवाणीने म्हणाले, "सप्लाय कुठून आहे?"

सप्लाय पोटातून. काजव्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफरेज या विकराच्या मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला की प्रकाश पडतो. ऑक्सिजन कमीजास्त करून दिवा चालू-बंद. उष्णता जवळपास नाहीच. हे ऐकून मामा हळहळले. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये विजेचा दहावा हिस्साही उजेडाच्या वाट्याला येत नाही, बाकीची सगळी उष्णता. "म्हणजे जन्मभर आम्ही लोकांच्या छताला शेगड्याच टांगल्या म्हणायच्या!"

उडत लुकलुकतात ते बहुतेक नर, प्रत्येक जातीचा ताल निराळा. पुष्कळ जातींत मादी बसल्या जागेवरून उत्तर देते. अमेरिकेतल्या फोट्युरिस काजव्यांच्या काही माद्या तर दुसऱ्याच जातीची खूण वठवतात आणि भुलून आलेल्या नराला खाऊन टाकतात. "आकडे टाकणारे तिकडेही आहेत तर," मामांना समाधान वाटलं. काजव्याच्या अळ्याही काही गरीब नसतात. पालापाचोळ्यात गोगलगाय गाठून, तिला विषारी चाव्याने बधिर करून, तिचा रस करून पितात. शेजारी एक नवं जोडपं "किती रोमँटिक!" म्हणत होतं, म्हणून भाचीने हे जरा हळूच सांगितलं.

एक काजवा मामांच्या बाहीवर उतरला. मामा हलले नाहीत. नाकापाशी हात आणून, चष्मा वर करून त्यांनी त्याच्या पाच-सहा लुकलुकी मोजल्या. "दिवसा बघाल तर झुरळागत दिसतंय बगा," वाटाड्या सहज म्हणाला. बाही अशी झटकली गेली, की काजव्याला उडायचे कष्टच पडले नाहीत.

तेवढ्यात वळणावरून गाड्यांची रांग आली, हेडलाइट फुल्ल. ज्या काळोखात नराची खूण मादीला दिसायची तो क्षणात धुऊन निघाला. कुणी मोबाइलचे फ्लॅश मारले, कुणी बरणी आणली होती. मामा रस्त्यात उभे राहून ओरडले, "मेन स्विच बंद करा!" आवाज मंडळातला होता, पुढच्या तीन गाड्यांनी दिवे मालवले.

काजव्यांच्या या परिसरातला बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. जायचं असेल तर मेच्या अखेरीपासून पावसाने जोर धरेपर्यंतचे दिवस धरा, अमावास्येच्या आसपासचे मिळाले तर उत्तम. गाडी लांब उभी करा, गावातला वाटाड्या घ्या, बॅटरी खिशात ठेवा, झाडं हलवू नका. आणि बरण्या लोणच्यासाठी घरीच राहू द्या.