पेशीतली पोफळी

एडिसन, न्यू जर्सी
२२ जून २०२५

ती. अण्णा आणि ती. आईस,


फोनवर बरंचसं बोलून झालंय, तरी पत्र लिहायला बसले. कारण अण्णा फोन कानाला लावतात, मग व्हिडिओवर आम्हाला त्यांचा कान आणि छताचा पंखा दिसतो, आणि आईच्या वाट्याला काहीच येत नाही. ती मागून "काय म्हणते?" विचारते आणि अण्णा म्हणतात, "काही नाही, पेशी." पंधरा दिवसांच्या बोलण्याचा हा सारांश तिला पुरला नसणार. म्हणून हे सविस्तर. अण्णा, मोठ्याने वाचून दाखवा. मधले भाग गाळू नका, विशेषतः शेवटचा.

तर ओवीची नववीची बायॉलॉजीची फायनल. इथे परीक्षा जूनमध्ये संपतात, आणि बाहेर अशी हवा असते की अभ्यास करणाऱ्याला शिक्षाच वाटावी. बाईंनी उजळणीसाठी चौदा पानी स्टडी गाईड दिलं होतं. पेशी, विकरं, प्रकाशसंश्लेषण, श्वसन, विभाजन, डीएनए, अनुवंश, उत्क्रांती, परिसंस्था. वर्षभराचं सगळं गाठोडं. ते दप्तरात तीन आठवडे होतं. परीक्षेला पाच दिवस उरले तेव्हा बाहेर आलं, त्यावर केळ्याचा डाग होता.

घरात मदतीला कोण? मंदार म्हणाला, "मी दहावीनंतर सोडलं, मला बेडकाची किळस यायची." माझं तर तुम्हाला ठाऊकच आहे. चिपळुणात पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांची मुलगी कॉमर्सला गेली. त्या जूनमध्ये तुम्ही माझ्याशी आठ दिवस बोलला नव्हता, आणि नवव्या दिवशी बोललात ते "डेबिट कशाला म्हणतात?" एवढंच. त्याचं उट्टं देवाने आता काढलं. मी वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी नववीच्या बायॉलॉजीला बसले. ओवी म्हणाली, "बरोबर आहे आई, तुझ्या वयाला एक एक क्रोमोसोम."

इथल्या प्रत्येक मुलाला बायॉलॉजीचं एक वाक्य येतं: मायटोकॉन्ड्रिया इज द पॉवरहाऊस ऑफ द सेल. टी-शर्टवर छापतात, विनोद करतात, बाकी सगळं विसरलेले मोठे बाप्येही हे सांगतात. ओवीलाही येत होतं. मी विचारलं, म्हणजे काय होतं नेमकं तिथे? ती म्हणाली, "पॉवर." मी म्हटलं, कसली? "हाऊसची." तेव्हाच मी घड्याळ पाहिलं. इथे रात्रीचे नऊ, म्हणजे तुमच्याकडे सकाळचे साडेसहा, म्हणजे तुमचा पहिला चहा. लावला फोन.

आई, तू तेव्हा फुलं काढायला गेली होतीस, म्हणून सांगते. अण्णांचा पहिला शब्द "तंतुकणिका". ओवीने कान टवकारले. "कणीक? आजोबा, तंतू आणि कणीक म्हणजे शेवया ना?" अण्णा गप्प. मला वाटलं, नेट गेलं. मग पंख्याच्या बाजूने हसू ऐकू आलं. मग त्यांनी सांगितलं की ग्रीकमध्ये मायटोस म्हणजे धागा आणि कॉन्ड्रियॉन म्हणजे कण. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहणाऱ्यांना कधी धाग्यासारख्या दिसल्या, कधी दाण्यासारख्या, म्हणून ते नाव. मराठीवाल्यांनी ते सरळ उतरवलं, तंतू आणि कणिका. ओवी बघतच राहिली. वर्षभर ज्या शब्दाचं स्पेलिंग ती रडत पाठ करत होती, त्यात काय आहे हे तिला तुमच्याकडून कळलं. मग तिला चटकच लागली. मायटोसिसमध्येही तोच धागा, म्हणून सूत्री विभाजन. क्लोरोप्लास्टला हरितलवक म्हटल्यावर रंग वेगळा पाठ करावाच लागत नाही. चार अवस्थांची नावं इंग्रजीत तिची उलटसुलट होत होती. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था म्हटल्यावर क्रम आपोआप लागला. शाळेत कुणी विचारलं तर काय सांगायचं, एवढीच तिला काळजी होती.

आणि मग तुम्ही तुमची कोयना काढलीत.

हे मी जसंच्या तसं लिहिते, चुकलं तर लाल शाईने खुणा करा. तुम्ही म्हणालात, घाटावर कोयना धरणाचा शिवसागर आहे. ते पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात आणतात आणि इकडच्या अंगाला पोफळीला खाली सोडतात. पाण्याच्या जोराने टर्बाइन फिरतं, वीज होते. आता तंतुकणिका घे. तिला दोन पटलं, आतल्या पटलाला घड्याच घड्या. आपण भाकरी खाल्ली, तिचं ग्लुकोज झालं. ते तुटताना निघालेले इलेक्ट्रॉन आतल्या पटलात हातोहात पुढे जातात, लग्नात पंगतीला द्रोण पुढे सरकावे तसे. त्या जोरावर प्रोटॉन पटलापलीकडे उपसले जातात. तिकडे त्यांची दाटी होते. हा झाला शिवसागर. त्यांना परत यायला मुख्य वाट एकच, एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातून. आणि प्रोटॉन त्यातून येताना ते प्रथिन खरोखर गरगर फिरतं. टर्बाइन! त्यातून एटीपी तयार होतं, ते पेशीभर खर्चायला. शेवटी दमलेले इलेक्ट्रॉन घ्यायला ऑक्सिजन उभा असतो, आणि त्यातून होतं पाणी. "ते अवजल," तुम्ही म्हणालात, "वाशिष्ठीत सोडायचं."

ओवी गेल्या खेपेला आली तेव्हा वाशिष्ठीच्या पुलावर उभं राहून तुम्ही तिला हे पाणी कोयनेचं आहे म्हणून दाखवलं होतं. तिने तेव्हा पाण्याकडे न बघता फोनकडे बघितलं होतं, हे मला आठवतं. आता तिने कागद घेऊन सगळं काढलं. घाट, बोगदा, पोफळी, नदी. वर इंग्रजीत पटलाची नावं. तो कागद आमच्या फ्रिजवर आहे. मंदार येता-जाता त्याच्यापुढे उभा राहतो. परवा म्हणाला, "म्हणजे आपण श्वास घेतो तो अवजलासाठी?" वीस वर्षं संगणकात घालवलेल्या माणसाला इतक्या वर्षांनी ऑक्सिजनचं काम कळलं. तुम्ही असंही सांगितलंत की प्रोटॉनच्या दाटीची ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली तेव्हा फार थोड्यांना पटली, आणि १९७८ मध्ये त्यांना त्यासाठीच नोबेल मिळालं. त्यावर ओवी म्हणाली, सतरा वर्षं थांबले, म्हणजे माझ्या वयापेक्षा जास्त. तिला हे फार वाईट वाटलं.

बाकीचं पटपट सांगते. डीएनएच्या जोड्या लक्षात राहाव्यात म्हणून इथे मुलं झाडावरचं सफरचंद आणि गॅरेजमधली गाडी म्हणतात. तुम्ही दिलेलं जास्त चाललं: ॲडेनीन-थायमीन म्हणजे अण्णा-थालीपीठ, ग्वानीन-सायटोसीन म्हणजे गणूकाका-सायकल, यांना एकमेकांशिवाय कुणी कधी पाहिलेलं नाही. आरएनएत थायमीनच्या जागी युरॅसिल येतं, म्हणून थालीपीठाऐवजी उपमा. तिथे आई मागून म्हणाली, "उपमा का? यांना उपमा आवडत नाही." आई, तू बायॉलॉजीच्या तासाला बोललेलं ते पहिलं वाक्य. शास्त्राच्या दृष्टीने अगदी योग्य. अण्णा जिथे असतात तिथे उपमा कसा, हाच प्रश्न ओवीलाही पडला, आणि त्यामुळेच तो तिच्या लक्षात राहिला.

मेंडेलच्या वेळी मी रगडा करत होते. वाटाणे भिजत घातले होते, शेजारी फ्रीझरमधल्या गोड मटाराची पिशवी. ओवीच्या कागदावर ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. १८६६ साली छापलेले आकडे. मी म्हटलं, एवढे वाटाणे मोजायला माणूस साधूच हवा, संसारी माणसाच्या हातून ते आधी शिजतात. तर तुम्ही म्हणालात, तुझ्या दोन्ही हातांत मेंडेलच आहे. रगड्याचा वाटाणा तो गोल, पिठूळ. गोड मटार वाळवलास तर सुरकुततो, कारण त्यात साखरेचं पिष्ट नीट होत नाही, म्हणून तर तो गोड. म्हणजे दोन्ही बाजूंनी अप्रभावी जनुक आलं की मटार गोड. ओवीने लगेच पाच मटार काढून खिडकीत वाळत टाकले. दोन खारीने नेले, तीन सुरकुतले. प्रयोग यशस्वी.

रक्तगटाची रात्र मात्र मोठी झाली. स्टडी गाईडमधला प्रश्न: आईचा गट ओ, वडिलांचा ए, तर मुलाचा बी असू शकेल का? ओवीने पनेटचा चौकोन काढला, चारही घरं भरली, उत्तर "नाही". बाईंच्या उत्तरपत्रिकेतही "नाही". आणि पंख्याच्या बाजूने आवाज आला, "सहसा नाही." मग तुम्ही १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला तो गट सांगितलात, ज्याला जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. ए आणि बी दोन्ही ज्या एच नावाच्या पायावर उभे राहतात, तो पायाच या लोकांत नसतो. त्यामुळे जनुक बी असलं तरी तपासणीत ते ओ दिसतात. अशी आई असेल, तिने बी दिला आणि वडिलांनी पायाबरोबर ए न देता ओ दिला, तर मूल खुशाल बी. अशा माणसाला साधं ओ रक्तही चालत नाही, त्याच गटाचं लागतं. हे ऐकून ओवी इतकी खूश झाली की तिने चौकोनाबाहेर एक पाचवं घर काढलं आणि त्यात "बॉम्बे" लिहिलं. मी म्हटलं, बाई, परीक्षेत हे लिहू नकोस. अण्णा म्हणाले, लिही. त्यांच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांची मुख्याध्यापकांशी किती वेळा वाजली असेल, ते मला त्या क्षणी कळलं.

परीक्षा संगणकावर होती, साठ प्रश्न, पर्याय निवडायचे. लिहायला जागाच नव्हती, म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला. पण रक्तगटाचा प्रश्न आला. तिने मुकाट्याने "अशक्य" निवडलं, आणि मग हात वर केला. पेपर झाल्यावर बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी तिथल्या तिथे शोधून वाचलं आणि विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? ओवी म्हणाली, "माझे आजोबा. पण ते कानाने शिकवतात."

शंभरपैकी ९३. आता दोष द्यायच्या आधी कुठे गेले ते सांगते. चार इकडेतिकडे गेले. दोन परिसंस्थेत, तो धडा आपण केलाच नाही, उकाडा फार होता. एक मात्र परासरणाचा. पेशी मिठाच्या पाण्यात टाकली तर काय होईल? त्याच्या आदल्या दिवशी आईने तिला खमंग काकडी सांगितली होती: मीठ आयत्या वेळी घालायचं, आधी घातलं तर पाणी सुटतं आणि ताटात तळं होतं. ओवीला ते तळं आठवलं. पाणी वाढतं म्हणून तिने ठोकलं, "पेशी फुगते." पाणी काकडीतून बाहेर आलं म्हणून ताटात आलं, हे नंतर लक्षात आलं, आणि ती डोक्याला हात लावून बसली.

अण्णा, आता तुम्ही चष्मा काढून आईकडे बघणार, मला दिसतंय. म्हणून शेवटचा भाग. तो आईसाठीच आहे.

आई, तंतुकणिकांना त्यांचा वेगळा डीएनए असतो, आणि त्या मुलाला फक्त आईकडून मिळतात. वडिलांकडच्या ज्या थोड्या येतात त्या शेपूट हलवण्यापुरत्या, आत आल्यावर त्यांची वासलात लागते. म्हणजे माझ्या एकूण एक पेशीतल्या तुझ्या. ओवीच्याही तुझ्याच. दादाच्याही तुझ्याच, पण त्याच्या मुलांच्या वहिनीकडच्या, म्हणजे खेडच्या. अण्णांनी पस्तीस वर्षं फळ्यावर ज्या वीजगृहाचं चित्र काढलं, त्यातलं आमच्या अंगात त्यांचं एकही नाही. हे त्यांना माहीत असणारच. त्यांनी तुला कधी सांगितलं का? ओवीने विचारलं, तुला त्या कुठून मिळाल्या? मी म्हटलं, आजीच्या आईकडून, आणि आजीचं माहेर कुठलं ते आठव. ती फ्रिजवरच्या कागदापाशी गेली, बोगदा जिथे संपतो तिथे बोट ठेवलं आणि तिथेच जमिनीवर बसून हसायला लागली. आई, तुझ्या पोफळीचं वीजगृह गेली पंधरा वर्षं एडिसनमध्ये चालू आहे, आणि आम्ही त्याचं बिलही भरलेलं नाही.

पुढच्या रविवारी साडेसहाला फोन करू. फोन आईच्या हातात द्यायचा.

तुमची,
शुभा

ता.क. मंदारचे मामा जुलैत तिकडून येताहेत. त्यांच्याबरोबर मेतकूट पाठव. पांढरे वाटाणे नकोत, ते इथे मिळतात. ओवी म्हणते, सुरकुतलेले असले तर पाठव.