बेटकुळी

संध्याकाळी सातला जिममधला आरशासमोरचा बाक कधी रिकामा सापडत नाही. तिथे हा बसलेला असतो. बिनबाह्यांचा टीशर्ट, कानात गाणी, पायाशी प्रोटीन शेकची बाटली आणि हातात 15 किलोचं डंबेल. सोमवार छातीचा, बुधवार पाठीचा, दंडाचा वार मात्र रोज. पायांचा वार त्याच्या पंचांगातच नाही.

त्याला हवी असते बेटकुळी. म्हणजे खरं तर छोटी बेडकी. रोमन लोकांना कातडीखाली हलणारा स्नायू उंदरासारखा दिसला. ‘मसल’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘छोट्या उंदरा’पासून आला. आपल्या पूर्वजांना बेडकी दिसली. याची बेडकी अजून चिखलातच आहे, एवढंच.

त्याचा बसून मारलेला कर्ल बघण्यासारखा असतो. आधी तो पाया पडल्यासारखा पुढे वाकतो. मग ‘हुप्प’ करून पाठ मागे फेकतो, खांदा कानाला भिडतो, बूड बाकावरून चार बोटं उचललं जातं आणि डंबेल एकदाचं हनुवटीपाशी पोचतं. खाली येताना ते विहिरीत दगड टाकावा तसं सुटतं. या खटाटोपात कंबर दमते, मान दमते, बाकसुद्धा कुरकुरतो. बायसेप्स तेवढा ताजातवाना!

ही खोड जुनी असणार. 1965चा पहिला मिस्टर ऑलिंपिया लॅरी स्कॉट तिरप्या पाटावर दंड टेकवून कर्ल मारायचा. तो बाक आजही त्याच्याच नावाने ओळखतात. पाट असतो तो अंगाला झोका घेता येऊ नये म्हणून. आमचा हा त्यावर टॉवेल वाळत घालतो.

शेवटी ट्रेनरला राहवत नाही. “दादा, 5 किलो घ्या.”

“5?” आपल्याला रांगत्या बाळाचा खुळखुळा दिल्यासारखा चेहरा.

“पाय फाकवून जमिनीवर रोवा. कोपर मांडीला आतून टेकवा. दंड हलता कामा नये. तळवा वर, मनगट सरळ. उतरवताना तीन आकडे मोजा.”

यातलं काहीच उगाच नाही. बायसेप्स कोपराच्या पुढे जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि वजन असतं फूटभर लांब मुठीत. त्यामुळे 5 किलो उचलायला स्नायूला त्याच्या सहा-सात पट ओढावं लागतं. तळवा वर फिरवण्याचं कामही बरंचसं त्याच्याचकडे. उजव्या हाताने स्क्रू पिळताना तोच राबतो. आणि वजन सावकाश उतरवणं हा निम्मा व्यायाम. आमचा गडी तो रोज जमिनीला दान करत आला.

पहिले चार कर्ल तो हसत मारतो. सहाव्याला हसू जातं. आठव्याला हात थरथरतो, दंडात आग पेटते, आणि तो चोरून आजूबाजूला पाहतो. 5 किलोने आपली ही गत झालेली कोणी पाहिली तर?

पाहिलेलं असतं. शेजारी पांढऱ्या बनियनमधले एक काका उभे. “झालं का रे बाळा? तेच हवंय मला. खांदा धरला होता, आत्ता कुठे सुटलाय.”

काका बसतात, कोपर मांडीला टेकवतात आणि निमूट वर-खाली सुरू करतात. एक, दोन, तीन... बारा. कुठे हुप्प नाही की झोका नाही.

हा कानातली गाणी काढतो, हाताची घडी घालतो आणि ट्रेनरच्या आवाजात म्हणतो, “काका, दंड हलतोय बघा.”